सर्व्हर बंद करताना आधी काय बंद करायचं?

सर्व्हर बंद होताना आधी काय बंद करायचं, हे कोण ठरवतं? ही गोष्ट जावापासून सुरू होते.

जानेवारी २००४मध्ये मार्टिन फाउलर यांनी एका लेखातून ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केलं. कल्पना साधी: क्लासने डेटाबेस स्वतः शोधत बसू नये, तो बाहेरून हातात द्यावा. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंग १.० आलं. जोडणी, सुरुवात, शेवट, सगळं कंटेनरकडे गेलं.

२०१२मध्ये टाइपस्क्रिप्ट आली. २०१६मध्ये अँग्युलर २ने तिथे हीच पद्धत डेकोरेटर लावून आणली. पण मेख अशी, की टाइपस्क्रिप्टचा इंटरफेस कंपाइल झाल्यावर उरतच नाही. मग रनटाइमला कंटेनर ओळखणार कशावरून? त्यासाठी टोकन, मेटाडेटा असे जुगाड आले.

फंक्शनलवाले म्हणाले, एवढं कशाला? फंक्शनला डेटाबेस आर्ग्युमेंट म्हणून द्या, झालं! द्यायचा राहिला तर कंपायलरच ओरडेल. टेस्टमध्ये खोटा डेटाबेस द्या.

मात्र कंटेनर गेला, की आवराआवर आपल्यावर येते. कुबरनेटीस सिगटर्म पाठवतं, डिफॉल्ट ३० सेकंद थांबतं, मग थेट मारतं. तेवढ्यात नव्या रिक्वेस्ट थांबवायच्या, चालू असलेल्या संपवायच्या, शेवटी डेटाबेस सोडायचा. डेटाबेस आधी सोडला, तर कुणाची तरी ऑर्डर अर्धवट लटकते.

ऑगस्ट २०२३मध्ये टाइपस्क्रिप्ट ५.२ने ‘युजिंग’ आणलं: जे शेवटी उघडलं, ते आधी बंद. म्हणजे बंद करायचा क्रम आपण जोडतानाच ठरवलेला असतो.