दातावरचा पोर्सलेनचा पापुद्रा : व्हेनीअरचा पूर्वेतिहास

दाताच्या दर्शनी बाजूवर कायमचा चिकटवलेला, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पोर्सलेनचा पापुद्रा म्हणजे व्हेनीअर. दंतवैद्यकात पोर्सलेन अठराव्या शतकातच आले होते आणि दातावर बसणारे पातळ पापुद्रे १९२८ च्या सुमारास तयार होऊ लागले होते. तरीही ते दातावर खऱ्या अर्थाने टिकू लागले ते १९८० नंतरच. या दीर्घ विलंबाचे मूळ भट्टीत नसून चिकटवण्याच्या प्रश्नात होते.

हस्तिदंती कवळीला पडणारे डाग आणि येणारी दुर्गंधी यांना कंटाळलेल्या अलेक्सी द्युशातो या फ्रेंच औषधविक्रेत्याने १७७४ च्या सुमारास पोर्सलेनची कवळी घडवून घेतली. पुढे निकोला द्युबुआ द शेमाँ या पॅरिसच्या दंतवैद्याने त्या कृतीत सुधारणा केल्या आणि राज्यक्रांतीच्या काळात इंग्लंड गाठून तेथेही आपला व्यवसाय थाटला. भाजताना चिनी माती आक्रसत असल्याने अखंड कवळी हिरड्यांवर नीट बसत नसे. ज्युझेपान्जेलो फोन्झी याने १८०८ मध्ये प्लॅटिनमच्या आकड्यांसह सुटे दात पुढे आणले, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी १८८० च्या दशकात प्लॅटिनमच्या वर्खावर पोर्सलेन भाजून दाताला चहूबाजूंनी झाकणारी टोपी, म्हणजे जॅकेट क्राऊन, तयार केली. ही टोपी बसवण्यासाठी मात्र दात सर्व बाजूंनी घासावा लागे.

दात न घासता केवळ त्याचे दर्शन बदलण्याची गरज निर्माण केली ती चित्रपटाने. निकटदृश्यात पडदाभर दिसणाऱ्या चेहऱ्यावर दातांतली फट किंवा वेडेवाकडेपणा लपवणे अशक्य होते, आणि बालकलाकारांच्या बाबतीत तर चित्रीकरण चालू असतानाच दुधाचे दात पडत. कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी अशा नटनट्यांसाठी पातळ पापुद्रे बनवले. शर्ली टेंपल ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. हे पापुद्रे कवळी बसवण्याच्या चिकट भुकटीने तात्पुरते लावले जात आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवले जात, कारण ते लावून जेवणे शक्य नसे. ती रंगभूषाच होती, उपचार नव्हे. परंतु दाताची यत्किंचितही हानी न करण्याचा जो गुण तिच्यात होता, तो पुढील काळातील अनेक व्हेनीअरांना साधलेला नाही.

चिकटवण्याचा प्रश्न सुटला तो सौंदर्याशी संबंध नसलेल्या संशोधनातून. दात भरण्याचे द्रव्य दाताला घट्ट धरून राहत नाही, ही अडचण रोचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांच्यासमोर होती. रंग धातूवर पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी दाताच्या एनॅमलवर, म्हणजे सर्वांत वरच्या कठीण थरावर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून पाहिले आणि ॲक्रिलिक राळ त्यावर कितीतरी घट्ट बसते, असे १९५५ मध्ये दाखवून दिले. आम्लाने एनॅमलमध्ये सूक्ष्म खाचा पडतात, पातळ राळ त्यांत शिरते आणि तेथेच कठीण होऊन अडकून बसते. राफाएल बोवेन यांनी १९६० च्या दशकारंभी काचकणयुक्त, अधिक टिकाऊ राळ दिली.

दाताची बाजू अशी सिद्ध झाली, तरी काचेसारख्या गुळगुळीत पोर्सलेनची बाजू उरलीच होती. १९७० च्या दशकात प्लास्टिकचे तयार पापुद्रे वापरून पाहिले गेले, पण ते झिजत आणि त्यांचा रंग बिघडे. फ्रान्समध्ये अलँ रोशेत यांनी १९७५ मध्ये तुटलेल्या दातांवर पोर्सलेनचे तुकडे राळेने जोडताना सिलेनचा, म्हणजे काच आणि राळ या दोहोंशी रासायनिक बंध जुळवणाऱ्या संयुगाचा, उपयोग केला. सायमनसेन आणि कॅलामिया यांनी १९८३ मध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्लाने पोर्सलेनवरही तशाच खाचा पाडता येतात आणि त्यामुळे राळेची पकड लक्षणीय वाढते, हे सिद्ध केले. त्याच वर्षी हॅरोल्ड हॉर्न यांनी या पद्धतीच्या प्रत्यक्ष वापराचे विवरण प्रसिद्ध केले. आजचे व्हेनीअर खऱ्या अर्थाने या वर्षापासूनचे मानावे.

पुढे लिथियम डायसिलिकेटसारखी अधिक बळकट द्रव्ये आली, तरी मूळ मर्यादा हटली नाही. एनॅमलखालच्या डेंटिन या मऊ व ओलसर थराशी राळेचा बंध तितका भरवशाचा नसतो. म्हणून दात घासायचाच झाला तर तो एनॅमलच्या आतच घासावा, असा दंडक पडला. एकदा घासलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे निघालेल्या व्हेनीअरच्या जागी दुसरे बसवावेच लागते.