शिखरे आधी, वाटा नंतर : नेपाळच्या नकाशाची गोष्ट

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादक मंडळाने सांगितले, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या विषयावर लिही." माझा विषय भूगोल. तीस-एक वर्षे महाविद्यालयात तो शिकवला आणि त्यातही नकाशावाचनाचे तास अधिक आवडीने घेतले. त्या तासांना मी नेहमी एका देशाचे उदाहरण देत असे. तो देश म्हणजे नेपाळ. समुद्र नसलेला, डोंगरांनी भरलेला, आपला शेजारी. आणि तरीही ज्याचा नीट नकाशा व्हायला विसावे शतक संपत आले, असा देश.

आधी त्याची मापे बघू. नेपाळचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. पूर्व-पश्चिम लांबी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणोत्तर रुंदी सरासरी १९० किलोमीटर. पुण्याहून नाशिकला जायला जेवढे अंतर लागते, तेवढ्यात हा देश संपतो. पण त्या अंतरात जमीन कुठून कुठे चढते? आग्नेय टोकाच्या झापा जिल्ह्यात ती समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर उंच आहे आणि उत्तर सीमेवर ८,८४८ मीटर. काठमांडूचे खोरेच सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. ते उचलून काठमांडूत नेऊन ठेवले, तर तिथल्या लोकांना ती गावाबाहेरची टेकडी वाटेल.

अशा मुलखात 'अंतर' या शब्दाचा अर्थच बदलतो. शाळेत आपल्याला समोच्च रेषा शिकवल्या होत्या. सरांनी एक बटाटा कापून, त्याच्या चकत्या फळ्याला लावून त्यांच्या कडा खडूने गिरवल्या होत्या, हे आपल्या तुकडीतल्या अनेकांना आठवत असेल. रेषा जवळजवळ असतील तर चढ खडा, लांब असतील तर उतार सौम्य. नेपाळच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याचा नकाशा उघडला की या रेषा इतक्या दाटतात, की कागद तपकिरी दिसू लागतो. दरीच्या या काठावरच्या गावातून त्या काठावरच्या गावातला धूर दिसतो. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर दोन किलोमीटर. पण हजार मीटर उतरून, नदी ओलांडून, पुन्हा हजार मीटर चढायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. आणि वाटेत पूल नसेल तर दिवसही पुरत नाही. म्हणून सपाट देशाला नकाशा सोयीचा असतो, डोंगराळ देशाला तो गरजेचा असतो.

आणि नेमका हाच नकाशा नेपाळला फार उशिरा मिळाला. का, ते इतिहासात पाहावे लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये काठमांडूला जाऊन आला. त्याच्यानंतर दहा वर्षांनी चार्ल्स क्रॉफर्ड गेला, त्याने काही मोजमापे केली आणि ही शिखरे युरोपात समजतात त्यापेक्षा बरीच उंच असावीत असे मत दिले. पुढे १८१४ ते १८१६ कंपनी आणि गोरखा राज्य यांच्यात युद्ध झाले. सुगौलीच्या तहाने नेपाळची पश्चिम सीमा काली नदी आणि पूर्व सीमा मेची नदी ठरली. युद्धानंतर नेपाळने परक्यांना दार जवळजवळ बंदच केले. काठमांडूत एक ब्रिटिश रेसिडेंट राहू शकत होता, पण खोऱ्याबाहेर भटकायची मुभा त्यालाही नव्हती. मोजणी करणाऱ्यांना तर नाहीच. यात नेपाळचे चुकले असे म्हणता येणार नाही. ज्याच्या हातात नकाशा, त्याच्या मागून सैन्य येते, हे त्या काळात सगळ्या आशियाने पाहिले होते.

पण शिखरांना दार लावता येत नाही. ती दुरून दिसतात.

इथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा येतो. भारताची महात्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, मोजणी उत्तरेकडे सरकवत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट, मग अँड्र्यू वॉ यांनी ती त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्याशी नेली. नेपाळच्या हद्दीत पाऊल टाकता येत नव्हते, म्हणून सीमेच्या दक्षिणेला, तराईला लागून असलेल्या मैदानात मनोरे उभारले गेले. तिथल्या तापाने पथकांतली अनेक माणसे दगावली. १८४९-५० मध्ये अशा सहा ठिकाणांहून, सुमारे १७० ते १९० किलोमीटरवरून, 'शिखर क्रमांक १५' दुर्बिणीत धरले गेले. पृथ्वीची वक्रता, हवेत वाकणारा प्रकाश, या सगळ्याची आकडेमोड राधानाथ सिकदार यांच्या देखरेखीखालच्या गणकांनी केली. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली : २९,००२ फूट. आजच्या आकड्याशी ताडून पाहिले तर चूक दहा मीटरहूनही कमी. ज्या देशात जाताच आले नाही, तिथल्या डोंगराची उंची इतकी अचूक! मी वर्गात हा भाग शिकवत असे तेव्हा मुले नेहमी गप्प व्हायची.

मग मी विचारायचो : त्या शिखराच्या पायथ्याशी कोणती गावे होती? त्यांची नावे काय? तिथे जायची वाट कोणती? त्या काळच्या नकाशात याचे धड उत्तर नव्हते. शिखराला नावही मिळाले ते एका साहेबाचे. उत्तरेकडचे लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणतच होते. 'सगरमाथा' हे नेपाळी नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी विसाव्या शतकात रूढ केले.

बाहेरून काढलेल्या नकाशाचे हे वैशिष्ट्य असते. बाहेरच्याला जे दिसते आणि जे हवे असते, ते आधी येते. मैदानातून शिखरे दिसत होती, म्हणून शिखरे आली. राज्यकारभाराला सीमा हवी होती, म्हणून सीमेच्या नद्या आल्या. मधला मुलूख, जिथे माणसे राहत होती, तो मागे राहिला.

१९२० च्या दशकात नेपाळ सरकारच्या संमतीने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पथकांनी पहिल्यांदा देशभर मोजणी केली. अट होती, युरोपीय माणूस नको. त्यामुळे हे काम भारतीय मोजणीदारांनी केले. चार मैलांना एक इंच अशा प्रमाणाचा तो नकाशा होता. थोड्या काळात, पायी फिरून, एवढा अवघड देश कागदावर आणणे ही मोठीच कामगिरी. पण चार मैल एका इंचात दाबले की बारकावे राहत नाहीत, आणि वस्तीपासून दूरच्या बर्फाळ भागात तर बराचसा अंदाजच असतो.

त्या अंदाजाची किंमत १९५० मध्ये कळली. मोरिस हर्झोग यांची फ्रेंच मोहीम काली गंडकीच्या खोऱ्यात आली. त्यांना धौलागिरी किंवा अन्नपूर्णा, दोनांपैकी एक शिखर चढायचे होते. शिखरांच्या उंचीबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता, अन्नपूर्णेच्या पायथ्याशी पोचायचे कसे? नकाशातल्या वाटेने वर गेले तर पुढे एक गोठलेले विस्तीर्ण सरोवर आणि त्यापलीकडे बर्फाची भिंत. अन्नपूर्णा कुठेच नाही. गिर्यारोहक आठ हजार मीटरचा पर्वत शोधत तीनेक आठवडे हिंडले. अखेर मिरिस्ती खोल्याच्या अवघड घळीतून वाट सापडली. ३ जूनला हर्झोग आणि लाशनाल ८,०९१ मीटरच्या माथ्यावर पोचले. माणसाने चढलेले ते पहिले आठ हजारी शिखर. पण पावसाळा तोंडावर आला होता. उतरताना वादळात सापडून दोघांनाही भयंकर हिमदंश झाला. हर्झोग यांनी हातापायांची बोटे गमावली. वाट आधी ठाऊक असती तर हे टळलेच असते असे नाही, पण त्यांना तीन आठवडे अधिक मिळाले असते, एवढे नक्की.

याच काली गंडकीच्या काठाने मी निवृत्तीनंतर बेनीहून कागबेनीपर्यंत गेलो. एका हाताला धौलागिरी, दुसऱ्या हाताला अन्नपूर्णा, आणि मध्ये अडीच हजार मीटरवर नदी. डोंगर उचलला जाण्याआधीपासून ही नदी इथे वाहत होती, तो वर येत गेला तशी ती त्याला कापत गेली, असे भूशास्त्र सांगते. दुपारनंतर तिथे दरीतून असा वारा सुटतो की चालणे मुश्कील होते. कागबेनीला एका म्हाताऱ्या बाईंनी मला काळा गोटा दाखवला. ओळखीचा होता. आपल्या आजीच्या देवघरात असायचा तोच शाळिग्राम. तुळशीच्या लग्नात नवरदेव होणारा हा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवाचा, ॲमोनाइटचा, अवशेष. टेथिस समुद्र आटला, त्याचा तळ हिमालय होऊन वर आला आणि हे गोटे नदीत सुटले. ज्या देशाला आज समुद्र नाही, त्याच्या नदीतून समुद्राची खूण आपल्या घरोघर आली आहे.

समुद्र नसण्याचे दुःख मात्र तिथल्या माणसाला रोजचे. परदेशी माल यायचा तर कोलकात्याच्या बंदरातून, सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून. १९८९ आणि २०१५ मध्ये सीमेवरची वाहतूक महिनोन्महिने अडली, तेव्हा काठमांडूत चुलीला गॅस नव्हता. भूवेष्टित म्हणजे काय, हे व्याख्येतून नाही तर अशा वेळी समजते.

१९५० नंतर चित्र पालटू लागले. टोनी हागेन हे स्विस भूशास्त्रज्ञ सुमारे चौदा हजार किलोमीटर पायी फिरले. १९५७ मध्ये नेपाळचा स्वतःचा नापी विभाग, म्हणजे मोजणी खाते, सुरू झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाने हवाई छायाचित्रांवरून मैलाला एक इंच प्रमाणाचे नकाशे केले. आणि १९९० च्या दशकात फिनलंडच्या मदतीने नापी विभागाने जवळजवळ सगळा देश नव्याने काढला : तराई आणि मधले डोंगर १:२५,००० वर, उंच हिमालय १:५०,००० वर. आता वाड्या, पायवाटा, झुलते पूल, शाळा नकाशावर आल्या. क्रॉफर्डनंतर दोनशे वर्षांनी!

सीमेचा प्रश्न मात्र कागदावर सुटलेला नाही. १८१६ च्या तहात 'काली' लिहिले, पण वरच्या अंगाला कोणत्या प्रवाहाला काली म्हणायचे, यावर भारत आणि नेपाळ यांची मते वेगळी आहेत. २०१९ मध्ये भारताने आणि २०२० मध्ये नेपाळने आपापले नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा तो वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी एक समाधानाची गोष्टही झाली. नेपाळने आपल्या माणसांकरवी सगरमाथा मोजला. नापी विभागाचे खीमलाल गौतम मे २०१९ मध्ये उपकरणे घेऊन स्वतः माथ्यावर गेले, आणि हिमदंशाने पायाचे बोट देऊन आले. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून आकडा जाहीर केला : ८,८४८.८६ मीटर.

तरी माझ्या लेखी नकाशाची खरी कसोटी २५ एप्रिल २०१५ ला लागली. ७.८ तीव्रतेचा भूकंप, सुमारे नऊ हजार मृत्यू. गोरखा, सिंधुपाल्चोकच्या डोंगरांत वाड्याच्या वाड्या कोसळल्या. हेलिकॉप्टर होते, पण उतरायचे कुठे, कोणत्या कड्यावर किती घरे, पायवाट शाबूत आहे का, हे सांगणारे ताजे नकाशे हवे होते. जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅपवर घरे आणि वाटा रेखाटल्या. काठमांडूतल्या तरुणांच्या एका गटाने भूकंपाच्या आधीच शहरातल्या शाळा-दवाखाने नोंदवून ठेवले होते, ते कामाला आले.

पण उपग्रहाला छप्पर दिसते, गावाचे नाव दिसत नाही. वाट दिसते, ती पावसाळ्यात चालते की नाही ते दिसत नाही. मैदानातल्या मनोऱ्यावरून जे दिसत नव्हते, तेच आकाशातूनही दिसत नाही. ते तिथे राहणाऱ्यालाच सांगावे लागते.

म्हणून आपल्या शाळेच्या आजच्या मुलांसाठी एक सूचना करतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे आपल्या तालुक्याचे टोपोशीट आता संकेतस्थळावरून मिळते. ते छापून भूगोलाच्या वर्गात लावावे आणि मुलांनी सुटीत हिंडून त्यात नसलेल्या गोष्टी भराव्यात : ओढ्यांची नावे, उन्हाळ्यात न आटणारे झरे, बंद पडलेल्या पाऊलवाटा, वाड्यांची जुनी नावे. हे सांगू शकणारी म्हातारी माणसे अजून आहेत. छपाईचा खर्च आमची तुकडी करील.