खाऱ्या काठावरची परसबाग

कशेळी हे भिवंडी तालुक्यातले गाव उल्हास नदीच्या खाडीच्या उत्तर काठावर आहे. समोरच्या काठावर ठाण्याचे बाळकूम, मधे खाडी, आणि काठालगत भरतीच्या पाण्याने पोसलेली तिवरांची झाडी. काल्हेर, पूर्णा, अंजूर या शेजारच्या गावांची जमीनही याच खाडीशी बांधलेली. या पट्ट्यातली वस्ती प्रामुख्याने आगरी समाजाची. भात, मीठ आणि मासळी ही आगऱ्यांची परंपरागत उपजीविकेची साधने. घरामागच्या परसातल्या भाजीला या तिघांच्या पंक्तीत कोणी बसवले नाही. महसुलाच्या दृष्टीने ती किरकोळ होती, शिवाय ती बायकांच्या हातची होती. घरातली चूल मात्र वर्षातले तीन-चार महिने तिच्यावर चालत असे.

या परसाचा भर भादव्यात येतो, आणि त्याचे कारण जमिनीतल्या मिठात आहे. उन्हाळ्यात खाडीकाठच्या मातीतले पाणी वर चढत जाऊन उडून जाते आणि त्याच्यासोबत वर आलेले क्षार पृष्ठभागावर साचतात. मे महिन्यात अशा जमिनीवर पांढरट पापुद्रा दिसतो. मृगाचा पाऊस पडू लागला की गोडे पाणी हे क्षार धुऊन खाली आणि खाडीकडे नेते. ठाणे जिल्ह्याच्या या भागात पावसाळ्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे श्रावण सरेपर्यंत वरचा थर पुरेसा गोडा झालेला असतो. खारीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भाताची लावणीही याच हिशेबाने होई : बांध घालून भरतीचे पाणी बाहेर अडवायचे, पावसाचे पाणी खाचरात साठवायचे, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ते खाडीत सोडून द्यायचे आणि माती निवळली की मगच रोप लावायचे. खारीत भाताचे एकच पीक निघे. थंडीत वरच्या गोड्या रानात वाल पेरता येई, खारीत तेही नाही. म्हणून हिरव्या भाजीसाठी गावठाणाच्या उंचवट्यावरची, घरालगतची जागा महत्त्वाची ठरली. तिथे भरती पोचत नसे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेले शेण, चुलीची राख आणि मासळीची टाकाऊ कुटी यांनी ती माती काळी झालेली असे.

बियाणे मृगात पडे. वेलवर्गीय भाज्यांना पहिली फळे धरायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे ज्येष्ठात आळ्यात टोचलेले बी नागपंचमीच्या आसपास फळू लागे आणि गणपतीत मांडव भरून जाई. मांडव बांबूचा, कारवीच्या काठ्यांचा, नाही तर कुंपणातल्या शेवग्या-पांगाऱ्याच्या आधाराने उभा केलेला. त्यावर शिराळी, घोसाळी, पडवळ, कारली, दुधी. जमिनीवर काकडी आणि लाल भोपळा. कडेला भेंडी, माठ, चवळी, मिरची. काही वेल कौलांवरही चढवत. भोपळा छपरावर वाढला म्हणजे खालची जागा मोकळी राहते आणि पावसाच्या चिखलात फळ कुजत नाही, एवढाच त्यामागचा व्यवहार.

मांडवाखालचे वेळापत्रकही ठरलेले असते. घोसाळ्याची फुले पहाटे उमलतात, काकडी आणि कारल्याची सकाळी. शिराळे आणि दुधी दिवस कलल्यावर उमलतात, तर पडवळाची कडांना तंतू फुटलेली पांढरी फुले अंधार पडता पडता. सकाळच्या फुलांवर मधमाश्या येतात, संध्याकाळच्या फुलांचे बरेचसे काम पतंग करतात. एकाच मांडवावर दोन पाळ्यांत परागण चालत असल्याने वेल जवळजवळ लावले तरी सगळ्यांना फळ धरते. पडवळाच्या कोवळ्या फळाच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधण्याची रीत अजूनही आढळते. वजनाने फळ सरळ आणि लांब वाढते, नाही तर ते वेटोळे घालते आणि चिरायला त्रास देते.

परसाचा दुसरा कोपरा सांडपाण्याचा. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, केळ, कर्दळ आणि सोनटक्का लावलेले असत. या चौघांनाही ओलावा हवा असतो, आणि त्यांच्या मुळांपाशी पाणी मुरून जात असल्याने दाराशी चिखल साचत नसे. गटारे नसलेल्या गावाची ही सांडपाण्याची व्यवस्थाच होती. अळूची भाजी आणि सोनटक्क्याची वेणी हा तिचा वरचा नफा.

या बागेतली सगळी झाडे एकाच काळातली नाहीत. वांगे आणि काकडी ही भारतीय उपखंडात माणसाळलेली पिके; शिराळी-घोसाळीही इथलीच मानली जातात. दुधीचे मूळ आफ्रिकेत असले तरी तो इतक्या प्राचीन काळी आशियात पोचला की त्याला पाहुणा म्हणण्यात अर्थ नाही. अळू, कोहळा आणि पडवळ हेही जुनेच. इसवी सनाच्या पंधराव्या शतकातल्या खाडीकाठच्या परसात बहुधा असाच ऐवज असणार. तिखटासाठी तेव्हा मिरी होती, मिरची नव्हती.

सोळाव्या शतकात हे चित्र बदलले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आधीनचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर दोनशे वर्षे खाडीच्या दक्षिण काठावर, म्हणजे ठाणे आणि साष्टीत, पोर्तुगीज अंमल राहिला. उत्तर काठावरच्या कल्याण-भिवंडीचे धनी या काळात बदलत गेले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती आदिलशाहीकडून घेतली. राजकीय सरहद्द अशी खाडीच्या मधून जात असली तरी होड्या, मीठ, मासळी आणि बियाणे या पाण्यावरूनच ये-जा करत होते. अमेरिका खंडातली पिके कोकणपट्टीत आली ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून आणि त्यांच्या बंदरांतून : मिरची, लाल भोपळा, रताळे, मका, भुईमूग, पेरू, पपई, अननस, काजू. फुलांत झेंडू मेक्सिकोकडचा, गुलबक्षी पेरूच्या बाजूची. कोणते रोप कोणत्या वर्षी कोणत्या गावात रुजले याची नोंद कोणी ठेवलेली नाही. परसातल्या रोपावर कर नसे आणि कर नसलेल्या गोष्टीचे कागद होत नाहीत. वसईच्या मोहिमेत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणे घेतले, आणि त्या मोहिमेत कशेळीच्या शेजारच्या अंजूरच्या नाईक घराण्याचा मोठा वाटा होता. पोर्तुगीज गेले. त्यांची मिरची आणि भोपळा तोवर इतके घरचे झाले होते की त्यांना परके मानायचे कोणाच्या मनातही आले नसावे.

ही नवी पिके किती खोलवर मुरली ते ऋषिपंचमीला दिसते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, हे व्रत बायका करतात. या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते. नांगरलेल्या शेतातले धान्य चालत नाही. हाताने पेरलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढेच खायचे. म्हणून भाताऐवजी वरी किंवा देवभात, आणि सोबत परसातल्या भाज्यांची एकत्र भाजी. व्रताच्या कथेत पापक्षालनाचा भाग आहे आणि त्यात विटाळाच्या जुन्या कल्पना आहेत. आजच्या वाचकाला त्या पटणार नाहीत, पटू नयेतही. पण ताटाकडे शेतीच्या इतिहासाचा पुरावा म्हणून पाहिले तर ते फार बोलके आहे. नांगर येण्याआधी कुदळीने आणि काठीने खणून जी शेती होत असे तिची आठवण या नियमाने धरून ठेवली, असे म्हणायला जागा आहे. गावातले शेत नांगराचे आणि परस हाताचे, ही विभागणी तर उघडच आहे.

आता त्या भाजीत काय पडते ते पाहावे. अळूची पाने आणि देठ, माठ, भेंडी, पडवळ, शिराळे, सुरण, काकडी, चवळीच्या शेंगा, आंबटपणासाठी चिंच किंवा अंबाडे. यांच्या जोडीला लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओले शेंगदाणे आणि हिरवी मिरची. शेवटची चारही पिके कोलंबसाच्या आधी या खंडात कोणी पाहिली नव्हती. ऋषींच्या नावाने होणाऱ्या आणि प्राचीनतेचा आग्रह धरणाऱ्या पंगतीत ती बिनविरोध जाऊन बसली, कारण नियम पिकाच्या जन्मस्थानाबद्दल नव्हता. ते हाताने परसात पिकते की नाही, एवढेच पाहिले जात होते. उलट जिऱ्या-मोहरीची फोडणी अनेक घरांत या भाजीला चालत नाही.

फुलांचा हिशेब थोडा वेगळा. भादव्यातल्या पूजेला लागणारे बरेचसे साहित्य बागेतले नसून बांधावरचे असते : दूर्वा, आघाडा, तेरडा, कळलावी. तेरडा हे इथले रानफूल, पावसाळ्यात उघड्या माळावर आपोआप येणारे. आगरी-कोळी घरांत तेरड्याची गौर आणतात. तिला साडी-दागिने घालतात, आणि काही घरांत तिला मासळीचा किंवा चिंबोऱ्यांचा नैवेद्यही असतो. परसात मुद्दाम लावलेली फुले म्हणजे गणपतीसाठी लाल जास्वंद, देवासाठी तगर, अनंत आणि सोनचाफा, वेणीसाठी अबोली, आणि अंगणात तुळशीवृंदावन. श्रावणात लावलेला झेंडू दसऱ्याच्या सुमारास भरात येतो, त्यामुळे दाराच्या तोरणात आंब्याच्या डहाळ्यांशेजारी मेक्सिकोचे हे फूल बसले. मेक्सिकोत ते मृतांच्या सणाचे फूल आहे.

इंग्रजी अमदानीत बागेला तिसरा थर चढला, आणि तो शोभेचा होता. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० मध्ये मुंबईत स्थापन झाली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांना खुली झाली. अशा बागांतून बोगनवेल, क्रोटन आणि नाना तऱ्हेची विलायती फुलझाडे आधी बंगल्यांत, मग वाड्यांत आणि हळूहळू खेड्यांच्या कुंपणांत पोचली. बोगनवेलीला कोणी पूजेत घेतले नाही, क्रोटनलाही नाही; दोन्ही कुंपणावरच राहिली. टोमॅटो आणि कोबीही याच काळात आले, पण ती थंडीतली पिके. भादव्याच्या मांडवात त्यांना जागा नव्हती.

त्याच काळात गावाभोवतालचे जग पाण्याने आणि रुळांनी बांधले जात होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला आली. कशेळीसमोरच्या काठाचे शहर मुंबईला जोडले गेले. १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले, आणि त्याचे मोठे नळ भिवंडी तालुक्यातून खाडी ओलांडून गेले. खाडीकाठच्या परसाला मात्र पावसाचे, विहिरीचे आणि न्हाणीचे पाणी तेवढे. मुंबई सरकारच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्यावरचा खंड १८८२ मध्ये निघाला. त्यात भाताच्या गोड्या आणि खाऱ्या जमिनी, मिठागरे, वसईच्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागा यांची तपशीलवार माहिती आहे. ती वाचताना सरकारला कोणत्या शेतीत रस होता हे कळते : जिथून वसूल येतो ती. शिराळ्याच्या मांडवाला त्या जाड खंडात फारशी जागा मिळालेली नाही.

विसाव्या शतकात सरकारची नजर पहिल्यांदा परसाकडे वळली ती टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या धान्यटंचाईत ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. खाऱ्या जमिनीच्या बांधबंदिस्तीसाठी १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारजमीन विकासाचा नवा कायदा केला. मात्र परसात खरा बदल घडवला तो बियाण्याने. पूर्वी वेलावरचे एक चांगले फळ न तोडता राखत. ते वाळले की बी काढून राखेत घोळवत आणि चुलीच्या वर, धूर लागेल अशा जागी टांगत. उरलेली घोसाळ्याची जाळी अंग घासायला वापरत. संकरित बियाण्याच्या पुड्या आल्यावर हे काम मागे पडले. संकरित फळाचे बी पेरले तर पुढच्या पिढीत तेच गुण मिळत नाहीत, त्यामुळे बी राखण्यात अर्थ उरला नाही आणि राखणारे हातही कमी झाले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती नेमक्या याच कामासाठी, वाल-घेवड्यासारख्या परसातल्या गावरान भाज्यांचे बियाणे जपण्यासाठी. त्यांच्या बियाणे बँकेत जे आहे ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी बहुतेक घरांच्या माळ्यावर होते.

कशेळीपुरता निर्णायक बदल गोदामांचा. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती, म्हणून माल शहराच्या वेशीबाहेर साठवायला व्यापाऱ्यांना जागा हवी होती. ठाणे-भिवंडी रस्त्यालगत, काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात खाचरे भरून गोदामे उभी राहिली. एकपिकी खारीपेक्षा भाडे कितीतरी पटींनी जास्त, तेव्हा शेतकऱ्याने काय निवडले असेल हे वेगळे सांगायला नको. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. २००७ मध्ये भिवंडी परिसरातल्या गावांच्या नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला, जकात संपली, तरी गोदामे हलली नाहीत. ऑनलाइन खरेदीच्या मालाने ती आणखी वाढली. २०१८ च्या डिसेंबरात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली, आणि तिच्या मार्गावर कशेळी हे स्थानक आहे. भराव घातलेल्या जमिनीवर पावसाचे पाणी मुरायला जागा राहत नाही, विटांच्या घरामागे इमारत येते, आणि न्हाणीचे पाणी गटारात जाते. अळू या क्रमात सगळ्यांत आधी गेले.

उरलेली बाग गच्चीवर आणि खिडकीच्या जाळीत चढली. कुंडीतल्या मातीला क्षारांची भीती नाही, तिला मर्यादा आहे ती खोलीची : मिरची, तुळस, जास्वंद, भेंडी आणि काकडी ड्रमात किंवा गोणीत चांगली येतात, लाल भोपळा अडतो. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांपासून घरच्या घरी माती तयार करण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवली, गच्चीवर भाजी पिकवणारे बरेच लोक कळत-नकळत तीच वापरतात. कशेळीसमोरच्या ठाण्यात आणि भिवंडीच्या बाजारात गणपतीच्या दिवसांत ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. त्यात सुरणाचा तुकडा, अळूची दोन पाने, पडवळाचे एक कांडे, भोपळ्याची फोड आणि मक्याचे कणीस मोजून बांधलेले असते. ती भाजी कुठे पिकली आणि तिथे बैल होता की ट्रॅक्टर, हे विकणाराही सांगू शकत नाही.