अर्ध्या तासात दोन स्पर्श

१९ जून २००० रोजी ब्रुसेल्समध्ये तुर्कस्तानने २-० असे हरवले आणि यजमान बेल्जियम युरो स्पर्धेच्या साखळीतच गारद झाला. तांत्रिक संचालक मिशेल साब्लोन यांनी दोष शोधला तो मात्र बालगटांच्या मैदानावर. सुमारे १,५०० सामन्यांच्या चित्रफिती विद्यापीठात अभ्यासल्या गेल्या. निष्कर्ष चकित करणारा होता: आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पायी अर्ध्या तासात चेंडू येई जेमतेम दोनदा! मग तो शिकणार काय? साब्लोन यांनी दोघांविरुद्ध दोघे, पाचांविरुद्ध पाच असे छोटे सामने रुजवले. सात आणि आठ वर्षांखालील गटांचे गुणतक्तेच रद्द केले. विरोध झाला, आणि तो स्वाभाविकच. हारजीत नसलेला खेळ मोठ्यांना रुचत नाही. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियम तिसरा आला, तेव्हा साब्लोन यांनी ते पद सोडून सहा वर्षे झाली होती.