टेरारियातील रहिवासी पात्रांची घरे

टेरारियातील रहिवासी पात्रांची घरे हा टेरारिया या द्विमितीय सँडबॉक्स व्हिडिओ गेममधील एक मूलभूत घटक आहे. या खेळात वस्तू विकणारी, जखमा बऱ्या करणारी किंवा अन्य सेवा देणारी पात्रे संगणकाद्वारे नियंत्रित असतात. अशा बहुतेक पात्रांना वस्तीत कायमचे राहण्यासाठी खेळाडूने बांधलेले, ठरावीक निकष पूर्ण करणारे घर लागते. त्यामुळे शस्त्रे, औषधे आणि साधने विकत घेण्याची सोय ही खेळाडूच्या बांधकामावर अवलंबून राहते. २०२० मधील १.४ आवृत्तीनंतर घर कोठे आहे आणि शेजारी कोण आहे, यांवर वस्तूंच्या किमतीही ठरू लागल्या.

पार्श्वभूमी

टेरारिया हा खेळ अमेरिकेतील री-लॉजिक या कंपनीने विकसित केला असून १६ मे २०११ रोजी तो विंडोज प्रणालीसाठी प्रकाशित झाला. खेळाची मूळ संकल्पना अँड्र्यू स्पिंक्स यांची आहे. प्रत्येक खेळात नवे जग यादृच्छिक पद्धतीने तयार होते. खेळाडू त्यात खोदकाम करतो, साधने बनवतो, इमारती उभारतो आणि शत्रूंशी लढतो. सुरुवातीला त्याच्यासोबत गाइड हे एकच पात्र असते. गाइड खेळाविषयी सूचना देतो आणि एखाद्या सामग्रीपासून कोणत्या वस्तू बनवता येतात ते सांगतो. उरलेली पात्रे निरनिराळ्या अटी पूर्ण झाल्यावर एकेक करून येतात.

घराचे निकष

एखादी बंदिस्त जागा घर म्हणून ग्राह्य धरण्यासाठी पुढील बाबी आवश्यक असतात:

- आकार: भिंती, जमीन आणि छत धरून जागा किमान ६० चौरसांची आणि ७५० चौरसांपेक्षा कमी असावी. चौरस म्हणजे खेळातील एका ठोकळ्याएवढी जागा.
- प्रवेश: दार, झडपेचे दार किंवा प्लॅटफॉर्म.
- प्रकाश: मशाल, मेणबत्ती, दिवा किंवा तत्सम वस्तू.
- सामान: टेबलासारखी एक सपाट वस्तू आणि खुर्चीसारखी बसण्याची एक वस्तू. टेबलाऐवजी वर्कबेंचही चालते.
- पार्श्वभिंत: खोलीच्या मागील बाजूस खेळाडूने बसवलेली भिंत. जमिनीखाली आपोआप तयार झालेली मातीची पार्श्वभिंत ग्राह्य धरली जात नाही.
- उभे राहण्याची जागा: पात्राला उभे राहता येईल असा घन ठोकळ्यांचा भाग.

एका घरात एकच पात्र राहते. मांजर, कुत्रा आणि ससा हे पाळीव प्राणी मात्र अन्य पात्राच्या घरात सामावू शकतात. यादीतील गृहव्यवस्थेच्या भागात प्रश्नचिन्हाचे एक साधन असते. ते निवडून खोलीवर टिचकी मारल्यास जागा योग्य आहे की नाही आणि नसल्यास काय कमी आहे, हे समजते. त्याच भागातून एखाद्या पात्राचा ध्वज खोलीत लावून ते घर त्याला नेमून देता येते.

किमान आकाराचे घर अत्यल्प सामग्रीत उभे राहते. बाहेरून १० चौरस रुंद आणि ६ चौरस उंच अशा लाकडी खोलीच्या चौकटीला २८ चौरस लागतात. त्यांपैकी ३ चौरस दार व्यापते, म्हणून २५ ठोकळे पुरतात. आतील ३२ चौरसांच्या पार्श्वभिंतीस ८ लाकडे लागतात, कारण एका लाकडापासून ४ भिंती बनतात. दारासाठी ६, वर्कबेंचसाठी १०, खुर्चीसाठी ४ आणि मशालींसाठी १ लाकूड धरल्यास एकूण खर्च ५४ लाकडांचा होतो. मशालीसाठी याशिवाय स्लाइम या शत्रूपासून मिळणारे जेल लागते. त्यामुळे पहिले घर खेळाच्या पहिल्याच दिवशी बांधता येते.

पात्रांचे आगमन

रिकामे घर तयार असणे आणि त्या पात्राची स्वतंत्र अट पूर्ण होणे, या दोन्ही गोष्टी घडल्यावर पात्र दिवसा वस्तीत येते. काही प्रमुख पात्रांच्या अटी अशा आहेत:

- मर्चंट: सर्व खेळाडूंकडे मिळून किमान ५० चांदीची नाणी असणे. तो मशाली, बाण आणि सामान्य साधने विकतो.
- नर्स: मर्चंट वस्तीत असणे आणि खेळाडूची कमाल जीवनशक्ती १०० पेक्षा अधिक असणे. ती पैसे घेऊन जखमा बऱ्या करते.
- आर्म्स डीलर: खेळाडूकडे बंदूक किंवा गोळ्या असणे.
- डिमॉलिशनिस्ट: मर्चंट वस्तीत असणे आणि खेळाडूकडे स्फोटके असणे.
- क्लोदियर: स्केलेट्रॉन या बलाढ्य शत्रूचा पराभव होणे.
- ट्रफल: हार्डमोड सुरू झालेला असणे आणि भूपृष्ठावरील चमकत्या अळिंब्यांच्या प्रदेशात घर असणे.

गॉब्लिन टिंकरर आणि मेकॅनिक यांना मात्र आधी शोधून मुक्त करावे लागते. गॉब्लिन टिंकरर गॉब्लिनांच्या सैन्याचा पराभव झाल्यावर भूगर्भातील गुहांत, तर मेकॅनिक डंजनमध्ये बांधलेल्या अवस्थेत आढळते. ट्रॅव्हलिंग मर्चंट आणि भूगर्भात भेटणारा स्केलेटन मर्चंट या फिरत्या विक्रेत्यांना घर लागत नाही.

समाधान आणि किमती

१६ मे २०२० रोजी आलेल्या 'जर्नीज एंड' या १.४ आवृत्तीत पात्रांच्या समाधानाची व्यवस्था समाविष्ट झाली. प्रत्येक पात्राचा आवडता आणि नावडता प्रदेश, तसेच आवडते आणि नावडते शेजारी ठरलेले असतात. त्यानुसार त्याच्या वस्तूंच्या किमती मूळ किमतीच्या ७५ ते १५० टक्के यांदरम्यान बदलतात. उदाहरणार्थ, मर्चंटला वनप्रदेश आवडतो व वाळवंट आवडत नाही. नर्सचा शेजार त्याला रुचतो, पण अँगलरचा तो तिरस्कार करतो. आर्म्स डीलरला वाळवंट आवडते आणि नर्स अत्यंत प्रिय असते. गॉब्लिन टिंकरर आणि मेकॅनिक यांचे प्रेम परस्परांवर असले तरी त्यांच्या आवडीचे प्रदेश भिन्न आहेत: त्याला भूगर्भ आवडतो, तर तिला हिमप्रदेश आवडतो व भूगर्भ आवडत नाही. टिंकररकडून शस्त्रांचे गुण बदलून घेण्याचा खर्चही त्याच्या समाधानानुसार कमी-अधिक होतो.

दाटीचाही परिणाम होतो. घरापासून २५ चौरसांच्या आत तीनपेक्षा अधिक शेजारी असल्यास पात्र असमाधानी होते. याउलट, जवळ दोनपेक्षा अधिक शेजारी नसतील आणि थोड्या विस्तृत परिसरातही विरळ वस्ती असेल, तर किमती उतरतात.

पायलॉन

पुरेसे समाधानी असलेले विक्रेते त्या त्या प्रदेशाचा पायलॉन विकतात. पायलॉन हा दूरच्या ठिकाणी क्षणात जाण्यासाठीचा स्तंभ असून प्रत्येक प्रकारचा एकच पायलॉन एका जगात बसवता येतो. सामान्यतः तो त्याच्या ठरलेल्या प्रदेशात असावा लागतो आणि जवळ किमान दोन पात्रे राहत असावी लागतात. त्यामुळे वाळवंट, जंगल, हिमप्रदेश, समुद्रकिनारा अशा ठिकाणी बांधलेल्या छोट्या वस्त्या प्रवासमार्गाचे थांबे बनतात.

वस्तीला असलेले धोके

रक्तचंद्राच्या रात्री झोंबी दारे उघडून घरात शिरू शकतात. १.३ आवृत्तीपासून पात्रे स्वतःच्या शस्त्रांनी प्रतिकार करतात, तरीही ती मारली जाऊ शकतात. घर शाबूत असल्यास त्याच व्यवसायाचे पात्र पुन्हा येते, मात्र त्याचे नाव बदललेले असू शकते. गाइडच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. पाताळात गाइडची वूडू बाहुली लाव्हात पडल्यावर गाइड मरतो आणि वॉल ऑफ फ्लेश हा शत्रू प्रकट होतो. गाइड जिवंत नसेल तर हे घडत नाही. म्हणजेच खेळाच्या पुढील टप्प्याची वाटही एका राहत्या घरातून जाते.

वॉल ऑफ फ्लेशच्या पराभवानंतर हार्डमोड सुरू होतो आणि करप्शन किंवा क्रिमसन या दूषित प्रदेशांचा प्रसार वेगाने होतो. दूषित ठोकळे वस्तीच्या फार जवळ आल्यास घर राहण्यास अयोग्य ठरते. यावर उपाय म्हणून खेळाडू वस्तीभोवती रुंद चर खणतात, ड्रायडकडून मिळणारी शुद्धीकरणाची पूड वापरतात किंवा स्टीमपंकर विकत असलेल्या क्लेंटॅमिनेटर या यंत्राने जमीन शुद्ध करतात.

बांधकामशैलीवरील परिणाम

१.४ आवृत्तीपूर्वी शेजाऱ्यांचा किमतींवर परिणाम होत नसल्याने किमान आकाराच्या खोल्या एकावर एक रचलेली उंच इमारत हा सर्वांत सोयीचा पर्याय होता. सर्व विक्रेते एकाच ठिकाणी मिळत आणि सामग्रीही कमी लागे. अशी इमारत आजही नियमांत बसते. मात्र तीत राहणारे विक्रेते दाटीमुळे वाढीव किंमत आकारतात आणि पायलॉन विकण्याइतके समाधानी राहणे त्यांना कठीण जाते. परिणामी दोन किंवा तीन पात्रांच्या, एकमेकांपासून दूर असलेल्या वस्त्या वसवण्याची पद्धत रूढ झाली.