सरकारी दप्तर आणि छोटा दुकानदार

दिवाळी आली की परगावी गेलेली मुले आमच्या लाखनीला परततात. गेल्या साली माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. इकडचा तांदूळ टेम्पोंतून नेऊन तो नागपूरच्या किराणा दुकानांना पोहोचवतो. कोणती गाडी कोठे आहे, पाऊस येणार का, बाजारात आज भाव काय, सारे तो हातातल्या फोनवर पाहत होता. चकली मोडता मोडता म्हणाला, "गुरुजी, उपग्रह अमेरिकन सरकारचा, पावसाची सूचना वेधशाळेची, भाव बाजार समित्यांचे. टेम्पो तेवढे माझे!"

तो हसला, पण मी मात्र विचारात पडलो. सरकारची मोजदाद काही नवी नव्हे. 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नऊच वर्षांनी, 1870 साली, चार्ल्स ग्रँट यांच्या गॅझेटियरची दुसरी आवृत्ती निघाली. 1908 साली रसेलसाहेबांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर आले. पिके, तळी, बाजार, कारागीर, सगळ्यांची त्यात नोंद. माहिती दिली पटवाऱ्याने, मालगुजाराने, कोष्ट्याने. आणि ग्रंथ छापला तो इंग्रजीत! ज्या पवनीच्या विणकराचा हातमाग साहेबाने पाहिला, त्याला त्यातले एक अक्षर वाचता येणे कठीण होते. पुस्तक साहेबांच्या कपाटात राहिले.

कपाटांची ही सवय पुढेही सुटली नाही. एका कादंबरीसाठी मला या भागातल्या जुन्या मालगुजारी तळ्यांची यादी हवी होती. एका कचेरीत तीन खेटे घातले. कारकून सौजन्याने म्हणाला, "गुरुजी, हे आतले कागद." अखेर कोहळी समाजातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पडवीत बसून मी ती यादी वहीत उतरवून घेतली. तळी त्याच्याच पूर्वजांनी बांधलेली. त्याला परवानगी कोणाची लागणार?

कपाटाचे दार उघडले ते अलीकडे, आणि तेही एकदम नव्हे. मे 2000 मध्ये अमेरिकेने आपल्या लष्करी उपग्रहांचा बिनचूक संदेश सर्वांना फुकट खुला केला. तोवर सामान्यांना तो मुद्दाम अंधुक करून मिळत असे. त्याच वर्षी आपल्याकडे बाजारभाव संगणकावर देण्याची केंद्राची योजना निघाली. 2012 साली सरकारी माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर झाले. 2021 च्या फेब्रुवारीत नकाशांवरचे बहुतेक निर्बंध उठले.

छोट्या माणसाने याचे काय केले? मुंबईत सचिन टेके यांनी लोकलचे वेळापत्रक फोनमध्ये बसवून ‘एम-इंडिकेटर’ काढले. वेळापत्रक तर स्थानकाच्या भिंतीवर सर्वांसमोर टांगलेले होतेच. ते खिशात कसे मावेल, एवढाच काय तो प्रश्न! पण लाखो चाकरमान्यांची धावपळ त्याने कमी केली. पुढे 2015 साली शंभर शहरांसाठी स्मार्ट सिटी योजना आली. जानेवारी 2016 च्या पहिल्या यादीत पुणे व सोलापूर होते, सप्टेंबरमध्ये नागपूर आले. पुणे महापालिकेने तर आपली आकडेवारी संकेतस्थळावर मांडली. त्या योजनेची मुदत 31 मार्च 2025 रोजी संपली.

एक शंका मात्र मनात राहते. खुल्या दारातून टेम्पोवाला आत जातो, तसाच बडा शेठही जातो, आणि त्याच्याकडे शंभर कारकून असतात. शिवाय यादी शंभर शहरांची. लाखनी त्यांत कोठून असणार? इथली आकडेवारी अजून कोणाच्या तरी वहीतच आहे.

निघताना विद्यार्थी उंबऱ्यात थांबला. "गुरुजी, आपल्या भागातल्या तळ्यांची यादी कोठे मिळेल? ढिवरांचे मासे नागपूरला न्यावेत म्हणतो."

मी आत जाऊन ती वही आणून दिली. त्याने पणतीच्या उजेडात एकेका पानाचे फोटो काढले.