मुक्तस्रोत आज्ञावली आणि सहकार्याची शिस्त

हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्यांत वारंगा फाटा हें ठिकाण आहे. नांदेडहून येणारी सडक तेथें दुभंगते. एक वाट हिंगोलीस जाते, दुसरी यवतमाळकडे. संगणकाच्या आज्ञावलींनाहि असे फाटे फुटतात. परंतु फाट्यापर्यंतची वाट अनेकांनीं मिळून चाललेली असते, आणि त्या सहप्रवासाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे.

संगणकानें काय करावें हें ज्या मजकुरांत लिहिलेलें असतें, त्यास मूळ संहिता म्हणतात. प्रारंभीं विद्यापीठांतून ती परस्परांस मोकळेपणानें दिली जाई. पुढें व्यापार वाढला व कंपन्या ती गुप्त ठेवूं लागल्या. ह्या प्रघाताविरुद्ध अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचा, अभ्यासण्याचा, सुधारण्याचा व इतरांस देण्याचा अधिकार प्रत्येकास असावा, हें त्यांचें म्हणणें. १९८९ सालीं त्यास परवान्याचें कायदेशीर रूप मिळालें. १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'लिनक्स'चा गाभा प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना मागविल्या. आज त्या गाभ्यास हजारों हात लागलेले आहेत.

महाराष्ट्रास हा मार्ग सर्वस्वीं अपरिचित नाहीं. छापखान्यापूर्वीं ज्ञानेश्वरी नकलांवर जगली, आणि नकलागणिक अपपाठ शिरले. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनीं ग्रंथ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांत कोणीं पदरची ओवी घालूं नये, असेंहि बजावलें. ग्रंथ सर्वांस खुला, परंतु बदल पारखून घ्यावयाचा, हा विवेक त्यांत दिसतो.

मुक्तस्रोत प्रकल्पांतहि हाच विवेक चालतो. नवख्यानें प्रथम ती आज्ञावली स्वतः वापरावी व प्रकल्पाचे नियम वाचावे. दोष आढळल्यास तो पूर्वीं कोणीं नोंदविला आहे काय, हें पाहावें. नसल्यास तो कसा उद्भवतो तें क्रमवार लिहावें. दुरुस्ती करावयाची तर मूळ प्रतीस हात न लावतां स्वतःच्या प्रतींत करावी. एका वेळीं एकच बदल करावा व त्याचें कारण लिहून तो व्यवस्थापकांकडे पाठवावा. ते शंका काढतील, कदाचित् नाकारतीलहि. त्यांत अपमान मानूं नये. २००५ सालीं टोरवाल्ड्स यांनींच रचलेल्या 'गिट' ह्या साधनामुळें कोणती ओळ कोणीं केव्हां बदलली, याची नोंद राहते. त्यामुळें श्रेय लपत नाहीं आणि चूकहि लपत नाहीं.

संहिता लिहितां येत नाहीं, म्हणून कोणीं मागें राहण्याचें कारण नाहीं. 'फायरफॉक्स' व 'लिबरऑफिस' मराठींत वापरतां येतात, तें अनुवादकांच्या श्रमांचें फळ होय. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तींत नवीं वाक्यें येतात. त्यांचा अनुवाद न झाल्यास पडद्यावर निम्मी मराठी व निम्मी इंग्रजी दिसूं लागते. एका ठिकाणीं 'फाइल' व दुसऱ्या ठिकाणीं 'संचिका' आल्यास वाचणारा गोंधळतो. येथें चांगल्या मराठीच्या जाणकाराची गरज संहिताकाराइतकीच आहे. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडियाहि अशाच मुक्त आज्ञावलीवर चालतो व स्वयंसेवकांच्या लेखणीवर वाढतो.

आतां फाट्याविषयीं. २०१० सालीं 'ओपनऑफिस'च्या कारभाराविषयीं असंतुष्ट झालेल्या मंडळींनीं तीच संहिता घेऊन 'लिबरऑफिस' काढलें. परवान्यानें दिलेला हा हक्क मोलाचा आहे, कारण त्यामुळें कोणताहि मालक लोकांचें काम बंद पाडूं शकत नाहीं. तथापि प्रत्येक मतभेदास फाटा हेंच उत्तर झालें, तर माणसें विभागतात व दोन्ही वाटा ओस पडतात. मराठीसारख्या भाषेंत काम करणारे हात आधींच थोडे. त्यांनीं एका वाटेनें चालण्याची शिस्त राखली, तरच पुढच्या पिढीस संगणकावर पूर्ण मराठी मिळेल.